मालनताईंची जादा खोली

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्यानं कुणी केली, त्यानं घर बांधणाऱ्याचे हाल पाहिले, लग्न करणाऱ्याचे पाहिले, पण नकाशा काढणाऱ्याकडे काही त्याचं लक्ष गेलं नाही. सांगलीत विश्रामबागेत माझं ऑफिस आहे आणि उभा जन्म मी लोकांच्या घरांचे नकाशे काढत आले. त्यातला अर्धा वेळ रेघा ओढण्यात गेला आणि अर्धा भांडण्यात. नवऱ्याला गच्चीवर बार हवा, बायकोला त्याच जागी तुळस हवी, सासऱ्यांना संडास कुठल्याच दिशेला चालत नाही, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पुण्याच्या मामांनी काहीतरी सांगितलेलं असायचं. एका ओट्यापायी लोक पंधरा-पंधरा वेळा यायचे. रुसून जायचे, पुन्हा यायचे, येताना परसातले पेरू आणायचे. घर उभं राहीपर्यंत मला त्यांच्या पोरीचं स्थळ, सासूचं पित्त आणि भावकीतली कोर्टकचेरी पाठ झालेली असायची, आणि वास्तुशांतीला पहिल्या पंगतीत माझं पान असायचं.

मग ‘वावर’ आलं.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. राहत्या घराच्या भिंतींवर बटणाएवढ्या चकत्या लावायच्या आणि तीन महिने त्यांना विसरून जायचं. जमिनीची थरथर त्या चकत्यांना कळते: कोण चाललं, किती जड पावलानं, कुठं थबकलं. बोलणंही त्या ऐकतात. तेवढ्यात घरातल्या माणसांच्या सवयी त्यांना त्या माणसांपेक्षा जास्त कळलेल्या असतात. मग नव्या घराचा नकाशा ‘वावर’ला द्यायचा. ते त्या न बांधलेल्या घरात तुम्हाला राहायला लावतं. दहा वर्षं, आणि तीही एकदा नाही, हजारो वेळा. कधी आजारपण घालून, कधी लग्नकार्य घालून, कधी नुसताच कडक उन्हाळा. शेवटी नकाशा परत मिळतो. जिथं पावलं पडली तिथं तो काळसर झालेला असतो आणि जिथं कुणी फिरकलं नाही तिथं पांढरा.

पहिल्या आवृत्तीत एक खोट होती. ती फक्त मागचं मोजायची. काल वागला तसाच माणूस उद्या वागणार असं धरून चालायची. दुसऱ्या आवृत्तीनं माणूस काय करणार म्हणतो, तेही हिशेबात घेतलं. लाखो घरं ऐकून तिनं एकेका वाक्याची पत ठरवली. ‘उद्यापासून फिरायला जाणार’ याची पत जवळजवळ शून्य निघाली. ‘गोळी घेतली’ याची त्याहून थोडी बरी. मला हे भलतंच आवडलं होतं. म्हटलं, चला, माणसांना ओळखणारं कुणीतरी भेटलं.

झालं, भांडणं संपली. गच्चीवरचा बार पांढराफटक निघायचा, तुळशीपाशी दोन दिवस काळं आणि मग पांढरं. नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे, गप्प व्हायचे आणि सही करायचे. एका बैठकीत काम उरकायचं. नकाशाही ‘वावर’च सुधारून द्यायचं, त्यामुळे माझ्याकडचे दोघे ड्राफ्ट्समन दुसरीकडे गेले. त्यांची टेबलं मी अजून काढलेली नाहीत. वास्तुशांतीची आमंत्रणं आता फोनवर चित्र होऊन येतात आणि त्यात कुणालाच ‘नक्की या’ म्हटलेलं नसतं.

घरीही मी एकटीच. नवरा होता, आम्ही दहा वर्षांपूर्वी वेगळे झालो, फार समजूतदारपणे, आवाजसुद्धा न चढवता. लोकांनी कौतुक केलं. मला मात्र नंतर कितीदा वाटलं, कडाकडा भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान पुन्हा भांडायला तरी कुणीतरी आलं असतं.

अशा दिवसांत मालनताई कोळेकर माझ्या ऑफिसची पायरी चढून आल्या. सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. मिरजेत मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीत त्या पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या द्यायच्या आणि जेवायला घालायच्या. अथणी, जत, विजापूर, रत्नागिरी, कुठकुठली माणसं तिथं राहून गेली होती. आता दवाखानेच घरोघरी जायला लागले होते. खाटेसकट यंत्रं पेशंटच्या घरात बसवायची आणि डॉक्टरांनी लांबून त्या यंत्रांचे हात चालवायचे. मिरजेला येऊन राहायची कुणाला गरज उरली नव्हती. शेवटचे लोक गेले की मालनताई ती भाड्याची जागा सोडणार होत्या. मालगाव रस्त्याला त्यांनी प्लॉट घेऊन ठेवला होता.

“चार खोल्या पाहिजेत,” त्या म्हणाल्या. “एक माझी, तीन पाव्हन्यांच्या. म्होरं पडवी, पडवीला कट्टा. आनि वीस मानसांचा सैपाक निघंल असं सैपाकघर.”

“घरात कोण कोण असतं?”

“मी.”

“आणि?”

“आनि काय? मीच. लग्न न्हाई केलं मी.”

“मग पाहुणे कुठले?”

“आता बगा! इतकी वर्सं ज्यास्नी ठेवून घेतलं, ती समदी. येतो म्हनून गेल्यात की.”

मी मनात म्हटलं, या बाईला म्हातारपणाचं घर पाहिजे आणि ही धर्मशाळा मागते आहे. मी तिला शहाणपणाचा नकाशा काढून दिला: एक खोली, समोर बसायला ऐसपैस जागा, आटोपशीर स्वयंपाकघर, न्हाणीघरात धरायला दांड्या, कुठं पायरी नाही. फार विचार करून काढला होता. मालनताईंनी चष्मा लावला, माझ्या रेघेवर जाडजूड बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय?”

“हा हॉल.”

“हितं झोपायचं कुनी?”

“कुणी नाही.”

“मग एवढी जागा कशाला घातलीसा?”

त्या दर तीन-चार दिवसांनी येऊ लागल्या. मी एक खोली वाढवली की त्या दुसरी मागायच्या. मी पडवी काढली की त्या पुन्हा घालायला लावायच्या. “मॅडम, तुमी कवा पाव्हनं जेवायला घातल्यात का?” असं एकदा त्यांनी तोंडावर विचारलं. मी चिडले. त्या दुप्पट चिडल्या. पिशवी उचलून निघून गेल्या आणि परत आल्या तेव्हा पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती. पोळी नाही, भाकरी नाही, नुसती चटणी. ती मी संध्याकाळी घरी भाताबरोबर खाल्ली. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी मन लावून भांडत होतं आणि मला ते फार गोड लागत होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

पण इतक्या वर्षांत मला हरायची सवय राहिली नव्हती. एके दिवशी मी म्हटलं, “मालनताई, तुम्ही म्हणता माणसं येतील, मी म्हणते येणार नाहीत. ‘वावर’ लावू या. ते काय म्हणेल ते दोघींनी मान्य करायचं.”

“खोटं बोलनार न्हाई न्हवं ते?”

“त्याला बोलायला कशाला हवंय खोटं? त्याला ना घर बांधायचंय, ना नकाशा काढायचाय.”

त्यांनी हो म्हटलं. मी मिरजेला जाऊन त्यांच्या जागेत चकत्या लावल्या. नंतर अधूनमधून जायची, चकत्या नीट आहेत का ते बघायला. तसं जायची काही गरज नसते. मालनताई कपभर चहा पुढं करायच्या, मी उभ्याउभ्या प्यायची, घड्याळाकडे बघायची आणि “बरं, निघते” म्हणून बाहेर पडायची. खोल्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. लोक बोचकी बांधत होते, मालनताई त्यांच्या हातात दशम्या देत होत्या.

तीन महिन्यांनी नकाशा परत आला. मी चारही खोल्यांचा, पडवीचा, कट्ट्याचा नकाशा मुद्दामच जसाच्या तसा घातला होता, पांढरा झाला की काम भागेल म्हणून. तो काळाभोर होऊन आला. पडवी काळी, कट्टा काळा, पाहुण्यांच्या तिन्ही खोल्या दारापासून खिडकीपर्यंत काळ्या. बाहेरच्या मोरीपाशी तर पाय धुणाऱ्यांची रीघ लागल्यासारखा डाग पडला होता. दहा वर्षं ते घर माणसांनी भरून वाहत होतं. माझ्या आयुष्यात एवढा गजबजलेला नकाशा मी पाहिला नव्हता.

मालनताई कितीतरी वेळ तो बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि लगेच हसल्या.

“तुमच्यापरास तुमचं मशीन शानं हाय, मॅडम.”

“दिसतंय तसं खरं.”

“ह्यो काळा डाग कशाचा?”

“हा कट्टा. लोक बसताहेत.”

“बसू देत, बसू देत,” मालनताई त्या डागालाच म्हणाल्या. कंत्राटदाराला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पुढच्या आठवड्यात पाया खणायचं ठरलं.

मी हरले होते आणि हरल्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. तरी दुपारी ऑफिसात बसले असताना मला राहवेना. ‘वावर’मध्ये एखाद्या पावलावर बोट ठेवलं की ते पाऊल कुणाचं आणि यंत्रानं ते कशाच्या जोरावर धरलं, हे दिसतं. सहसा कुणी बघत नाही. मी बघायला लागले.

पहिलं कोडं पडलं ते जतच्या एका जोडप्याचं. ते मालनताईंकडे सगळ्यांत जास्त दिवस राहिले होते. मालनताई त्या बाईची वेणी घालायच्या, हे मी स्वतः पाहिलं होतं. कुणी येणार असेल तर ही दोघं आधी येणार. आणि नकाशातल्या अख्ख्या दहा वर्षांत ती दोघं एकदाही आली नव्हती. उलट अथणीचा एक माणूस जेमतेम दोन रात्री राहिला होता, तो मात्र महिन्याला चार वेळा येऊन कट्ट्यावर बसत होता.

मी मालनताईंना सहज विचारल्यासारखं फोनवर विचारलं, “ती जतची दोघं कशी आहेत हो?”

“त्यांचा पोरगा गेला की. लई वाईट झालं.”

“जाताना काय म्हणाले?”

“काय म्हननार? असल्या येळंला येतो म्हनत न्हाईत, मॅडम. गुमान गेली.”

फोन ठेवला. मी अथणीकराच्या पावलावर बोट ठेवलं आणि कारण उघडलं. कानावर आवाज आला. “येतो मावशी.” मग पोराला डॉक्टरांनी काय काय खायला सांगितलंय ते. “बरं, येतो हं.” मग घरच्या म्हशीचं काहीतरी. “येतो मग.” चप्पल घातल्याचा आवाज, पुन्हा दोन शब्द पावसापाण्याचे, पुन्हा “येतो”. मधे त्याची बायको कानडीत “बरतीनी” म्हणाली. त्याचाही अर्थ तोच. आपल्याकडे निरोप असाच घेतात. ज्याचा पाय निघत नाही तो दारात उभा राहून पुन्हा पुन्हा येतो म्हणत राहतो. प्रत्येक ‘येतो’ ‘वावर’नं मांडून ठेवला होता आणि पुढं एकेक भेट धरली होती.

चूक कशी झाली ते कळायला मला वेळ लागला नाही. ‘वावर’ ज्या लाखो मराठी घरांवर शिकलं, त्या घरांत ‘येतो’ कोण म्हणतं? ऑफिसला जाणारा नवरा म्हणतो, कॉलेजला जाणारी पोरगी म्हणते, भाजी आणायला निघालेली आई म्हणते. आमच्या भागात तर बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, त्यामुळे ‘येतो’च जिकडेतिकडे. आणि ही सगळी माणसं संध्याकाळी खरंच घरी येतात. म्हणून सगळ्या वाक्यांमध्ये ‘येतो’ची पत सगळ्यांत वरची ठरली होती. मालनताईंच्या दारात तो शब्द म्हणणारी माणसं मात्र कायमची चालली होती. दवाखान्याच्या गावाला परत यायची इच्छा कुणाला असते? पोरगं बरं झालं असलं तरी नसते.

नकाशावरचा सगळा काळेपणा निरोपांचा होता. त्या रिकाम्या ऑफिसात बसून मी एकामागून एक ऐकत राहिले. येतो मावशी. येतो आक्का. येतो, दिवाळीला नक्की येतो. मला रडू आलं. शेवटी मी स्वतःला शोधलं. इतक्यांदा मी त्या घरी गेले होते, चहा प्याले होते. दहा वर्षांत, हजारो वेळा फिरवूनही, वर्षा हेरवाडे, म्हणजे मी, त्या नव्या घरी एकदाही गेली नव्हती. मी प्रत्येक वेळी ‘निघते’ म्हणाले होते. ते वाक्य यंत्रानं नीट ओळखलं होतं.

दोन दिवस मी गप्प बसले. सांगितलं नाही तर ती बाई आयुष्यभराची पुंजी घालून पाहुण्यांच्या तीन खोल्या बांधणार, आणि दहा वर्षं त्यांचे दरवाजे उघडून-झाकून हवा देणार, आणि कट्ट्यावर एकटी बसून रस्त्याकडे बघणार. सांगितलं तर तिला आजच कळणार की कुणीही येणार नाही. मला दुसरी गोष्ट कमी वाईट वाटली. शिवाय पाया खणायला दोनच दिवस उरले होते. मी मिरजेला गेले.

मालनताई शेवटच्या खोलीतल्या गाद्यांचे अभ्रे काढत होत्या. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. त्यांनी अथणीकराचा आवाज ऐकवायला लावला. ऐकताना त्यांचा चेहरा आधी फुलला. मग मी काय सांगते आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

“म्हंजी ही गेली, ते त्यानं आली म्हनून धरलं?”

“हो.”

“समदीच?”

“जवळजवळ सगळीच.”

त्या अभ्रा हातात घेऊन तशाच बसल्या. मला वाटलं, आता ओरडतील, यंत्राला शिव्या देतील, मला देतील. मी त्यासाठी तयार होऊन आले होते. त्या एवढंच म्हणाल्या, “मग एकच खोली काढा.”

“मालनताई, तुम्ही हवं तर—”

“एकच काढा म्हनलो न्हवं? तुमी म्हनत हुतासा तसंच. म्हातारीला काय करायच्यात खोल्या?”

मी नकाशा बदलला. माझा पहिलाच नकाशा होता तो, शहाणपणाचा, दांड्यांचा, बिनपायऱ्यांचा. मी जिंकले होते. कंत्राटदाराला मी काम थांबवायला सांगितलं होतं. नवा नकाशा झाला की पुन्हा सुरू करू म्हटलं होतं. नकाशा मालनताईंना पाठवला आणि वाट बघत बसले. त्या आल्या नाहीत. तीन-चार दिवस झाले, आठवडा झाला. शेवटी फोनवर एक शब्द आला: ‘चालेल.’

मी न्हाणीघराचं दार मुद्दाम उलट्या बाजूला उघडणारं करून पाठवलं. ‘चालेल.’ देवाचा कोनाडा जोत्यापाशी आणला, म्हणजे देव जमिनीवर. ‘चालेल.’ मग मी जे केलं ते कुठल्याही नकाशा काढणाऱ्यानं करू नये. ओट्यासमोरची खिडकी काढून टाकली आणि तिथं सरळ भिंत घातली. जन्मभर चुलीपुढं उभं राहिलेल्या बाईच्या तोंडासमोर भिंत! म्हटलं, आता तरी येतील. दार ढकलून आत येतील, बोट ठेवतील आणि ‘हे काय?’ म्हणतील. मी दोन दिवस ऑफिसचं दार आतून लावलंसुद्धा नाही.

‘चालेल. तुमी म्हनाल तसं.’

तो निरोप वाचला आणि मी गाडी काढली.

मिरजेची ती जागा आता ओस पडली होती. खाटा भिंतीला उभ्या केल्या होत्या. मालनताई एका खोलीत स्टोव्हपाशी बसल्या होत्या, आपल्या एकटीपुरती आमटी करत. मी नकाशा त्यांच्यासमोर पसरला.

“ही भिंत दिसली का तुम्हाला?”

“दिसली की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी घातली म्हंजी मशीनला इचारूनच घातली असनार. मी काय बोलू त्यात?”

“मशीनला विचारलं नाही. मी मुद्दाम चुकवलं.”

“का?”

“तुम्ही भांडायला याल म्हणून.”

हे मी इतकं सरळ म्हणेन असं मलाही वाटलं नव्हतं. मालनताईंनी स्टोव्ह बारीक केला. मग बंदच केला. आणि मग त्या उठल्या.

“म्हंजी तुमास्नी बोलायला मानूस पायजे म्हनून माझ्या सैपाकघराची खिडकी मोडलासा?”

“मालनताई, कागदावरच आहे अजून. लगेच—”

“कागदावर? मी सही करून दिली असती तर? गवंड्यानं बांधली असती की भित! तिथं उभं ऱ्हाऊन मी मरंपातूर भाकरी थापल्या असत्या! खेळ वाटला व्हय माझं घर?”

“चुकलं माझं.”

“आनि त्या खोल्या? त्या कुनाला इचारून काढलीसा?”

“तुम्हीच म्हणालात की, एकच खोली काढा.”

“मी रागानं म्हनलो!” त्यांचा आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून आला. “रागानं मानूस काय बी म्हनतं. ते तुमचं मशीन येडं हाय, त्याला येतो म्हनलं की खरंच वाटतं. तुमी शिकली-सवरलेली बाई, तुमालाबी तसंच वाटतं व्हय? जरा इचारायचं तरी हुतं मला. मालनताई, खरंच नको का? येवढं तरी म्हनायचं!”

त्या पुन्हा खाली बसल्या. दम लागला होता त्यांना. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाल्या, “मला कळतंय कुनी येनार न्हाई ते. तुमी ऐकवलासा तवाच कळलं. पर खोलीच न्हाई ठेवली, तर मीच त्यास्नी येऊ नका म्हनल्यावानी हुतंय. मी कुनाला तसं म्हनलो न्हाई आजपातूर.”

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो मागे घेतला.

“जावा आता,” त्या म्हणाल्या. “आनि परत येऊ नका.”

मी नकाशा गुंडाळून बाहेर आले. मला पोचवायला त्या दारापर्यंत आल्या नाहीत. संध्याकाळी घरी भात शिजवला, एकटीनं खाल्ला आणि त्या वाक्याचा विचार करत बसले. ‘वावर’ला विचारलं असतं तर त्यानं त्याची पत खूप वरची सांगितली असती, परत येऊ नका म्हटलेल्या घरी माणसं खरोखरच परत जात नाहीत. मला भीती वाटली की ते बरोबर असेल. एवढी भीती मला कुणाच्या नकाशाबद्दल कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मालनताई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला पाहिलं आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या. बसा म्हणाल्या नाहीत, जावा म्हणाल्या नाहीत. मी आपली आपण पायरीवर बसले आणि नवा नकाशा उघडला. खिडकी जागेवर होती. पडवी होती, कट्टा होता, आणि त्यांच्या खोलीला लागून एक खोली जादा होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि त्या खोलीवर बोट ठेवलं.

“केवढी ही?”

“दहा बाय दहा.”

“लहान हाय. बारा तरी पायजे.”

“दहा पुष्कळ झाली, मालनताई. रिकामी खोली. एवढी मोठी रोज झाडायची कुणी?”

“मी हाय की,” त्या म्हणाल्या.